पिस्ता रंगाची गाडी आणि मी लिहिलेली पत्रं

बुऱ्हाणपुरात हल्ली लग्नाच्या वरातीत एक सोनेरी, बिनछताची अमेरिकन गाडी फिरते. ती इथे आली त्यात माझा हात आहे. लोक तिला टेकून फोटो काढतात. मला ती लांबून दिसली की मी गल्ली बदलतो.

मी निवृत्त होईपर्यंत इथल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. वडील जळगावकडून कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही या बाजूचे झालो. गाडी घेणारा माझा जुना विद्यार्थी. शाळेत तो इंग्रजीत कसाबसा काठावर पास व्हायचा. आता तापीच्या काठावर त्याचे केळीचे मळे आहेत, पिकवण्याची शीतगृहं आहेत, आणि त्याचा माल जहाजाने आखाती देशांत जातो. एका दुपारी तो घरी आला, पाया पडला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"सर, हे पाहा. अमेरिकेत हाये. मला पाहिजे."

फोटोत एक लांबलचक जुनी गाडी होती. रंग फिका, पिस्त्यासारखा. छत पांढरं, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन उभे पंख. माझ्या वडिलांच्या तरुणपणातली असावी.

"इतक्या लांबून येईल कशी?"

"माझी केळी जहाजातून जाते, तर गाडी जहाजातून येणार नाही का? मुंबईच्या एजंटाला पूछलं. पन्नास सालाहून जुनी गाडी आता आणता येते म्हणतो. फक्त मालकीणबाई टेढी हाये. सवालच फार करते. तुमी तिला लिखून द्या."

बाईंचं पत्र त्याच्या मोबाईलवरच होतं. त्या शाळेची बस चालवायच्या, आता घरी होत्या. गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतली होती आणि दुरुस्ती स्वतःच शिकून केली होती. प्रश्न सरळ होते. गाडी कोण चालवणार? कुठे उभी राहणार? दुरुस्त करणारा माणूस आहे का? तुम्ही तिच्यात काही बदलणार आहात का? त्यांच्याच गावातला एक जण जास्त पैसे द्यायला तयार होता, पण त्याला जुनं इंजिन काढून नवं बसवायचं होतं. त्याला त्यांनी नाही म्हटलं होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा ना काहीतरी चांगलं. तुमाला तर येते."

मी लिहिलं. यात त्याची जबरदस्ती नव्हती आणि मला कसली लालूचही नव्हती. उभी हयात मी पोरांचे 'माझा आवडता मित्र' असले निबंध तपासले. माझं इंग्रजी ज्यांची ती भाषा आहे अशा माणसाने कधी वाचलंच नव्हतं. मला चेव चढला. मी घेणाऱ्याचा शिक्षक, त्याच्या वतीने माझ्याच मोबाईलवरून लिहितोय, असं आधी सांगितलं. मी लिहिलं की गाडी कौलारू शेडमध्ये, कडुनिंबाच्या सावलीत उभी राहील. इथे एक म्हातारा मेकॅनिक आहे, त्याचे हात अशाच गाड्यांवर तयार झालेत. घरातली माणसं जुन्या वस्तूंची कदर करणारी आहेत, एक स्क्रूसुद्धा बदलणार नाहीत. शेड पत्र्याची होती आणि तिच्यात खताच्या गोण्या होत्या. मेकॅनिक तर मी लिहिता लिहिताच जन्माला घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर आलं. तुम्ही शिक्षक आहात हे वाचून बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे त्या मला नुसतं 'टीचर' म्हणायला लागल्या. मग पत्रं सुरूच राहिली. थंडीत गाडी कशी रुसते, बसमधली पोरं कशी दंगा करायची, त्यांचा गुडघा कसा दुखतो. मीही आमचा उन्हाळा लिहायचो, राजघाटावर तापी कशी आटते ते लिहायचो. सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडायची मला सवय लागली.

बायको एकदा म्हणाली, "गाडी घेणारा तो आणि पत्रं लिहिता तुम्ही. त्याला माहीत तरी आहे का तुम्ही काय काय लिहिता ते?"

"तो कशाला वाचेल?"

"म्हणूनच विचारतेय."

बाईंनी शेडचा फोटो मागितला. तेव्हा थांबता आलं असतं. मी ओळखीच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो, त्यांचं स्वच्छ झाडलेलं गॅरेज बघितलं आणि मोबाईलवर फोटो काढला. डॉक्टरांना सांगितलं की घरी असंच बांधायचा विचार आहे. म्हणजे एका फोटोसाठी दोन माणसांना फसवलं. तो फोटो बघून बाईंनी सौदा पक्का केला.

गाडी बंदरापर्यंत ट्रेलरवर न्यायला त्यांनी नकार दिला. दुखऱ्या गुडघ्याने दोन दिवस स्वतः चालवत नेली. कंटेनरमध्ये चाकांना पट्टे कसे बांधले, पुढे-मागे लाकडाचे ठोकळे कसे लावले, त्याचे फोटो पाठवले. डॅशबोर्डाच्या कप्प्यात एक वही ठेवली होती. पहिल्या दिवसापासून गाडीचं जे जे काम केलं ते सगळं त्यांनी त्या वहीत लिहून ठेवलं होतं. 'मेकॅनिकला हे वाचून दाखवा, टीचर,' असं पत्रात होतं. मी उत्तर दिलं की तो वहीची वाट बघतोय.

बंदरातले कागदपत्र सुटायला महिने गेले. शेवटी मुंबईहून ट्रेलर निघाला आणि आम्ही वीसेक जण त्याला घ्यायला वाटेवरच्या इच्छापुरला गेलो. आधी देवीचं दर्शन, मग गाडी गावात, असं ठरलं होतं. ताडपत्री काढली. इतका प्रवास करूनही ती तशीच होती, काचसुद्धा फार मळलेली नव्हती. मी दाराला हात लावला. पत्रा जाड होता आणि उन्हाने गरम झाला होता. मला एकदम बाईंना लिहावंसं वाटलं.

तेवढ्यात विद्यार्थ्याच्या मेहुण्याने पुढच्या चकचकीत बंपरवर नारळ फोडला. पहिल्यांदा फुटला नाही, म्हणून आणखी दोनदा हाणला. बंपरला पोचा आला. पूजेला माझी ना नव्हती, नारळ दगडावरही फुटला असता. मग सगळे आत घुसले, पुढे चार, मागे सहा. पाळीपाळीने स्टेअरिंग फिरवू लागले. त्यातल्या एकाच्या तोंडात गुटखा होता. काच खाली करायचा दांडा त्याला दिसला नाही, म्हणून त्याने दार किलकिलं केलं आणि थुंकला. लाल ओघळ पिस्ता रंगावरून खाली आला. त्याने तो तळहाताने पुसला आणि हात सीटला पुसला.



"अरे, बाहेर थुंकावं माणसाने," मी म्हणालो.

"बाहेरच थुंकलो ना सर," तो म्हणाला आणि सगळे हसले. माझा विद्यार्थीही हसला.

बाईंचं पत्र आलंच होतं: पोचली का? मी दुसऱ्या बाजूने जाऊन, जिकडे डाग नव्हता तिकडून फोटो काढला आणि पाठवला.

पुढे दीड-दोन महिन्यांनी विद्यार्थ्याच्या मुलाचं लग्न ठरलं. एका सकाळी फोन आला. "सर, जरा येता का? नंबरप्लेटीच्या वर इंग्रजीत पाटी लावायची हाये. स्पेलिंग तुमीच सांगा." शनवारा दरवाज्यापासून थोडं पुढे ट्रकच्या बॉड्या बांधायचा एक कारखाना आहे, तिथे बोलावलं होतं.

गाडीला छत नव्हतं. चारही खांब कापलेले, कडा अजून काळ्या आणि धारदार. कापलेलं छत गटाराच्या काठावर उलटं पडलं होतं, त्यात पाणी साचलं होतं आणि पाण्यावर तेलाचा तवंग होता. जळलेल्या कापडाचा आणि थिनरचा वास घशात बसत होता. मागची सीट उखडून तिथे नवरदेवासाठी लाल मखमलीचं सिंहासन ठोकत होते. डिकीत स्पीकर. अर्ध्या अंगावर सोनेरी रंग चढला होता, अर्ध्यावर पुट्टी.

"छत काढून टाकलं," विद्यार्थी म्हणाला. "छताखाली नवरदेव दिसतच नाही ना."

पुट्टी लावणारा पातं एका कागदाला पुसत होता. कागदावर निळी शाई होती. मी खाली बघितलं तर वही त्याच्या पायाशी पडली होती, पुढची पंधरा-वीस पानं फाडलेली. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मी वही उचलली.

"हे काय केलंस? तू तर काहीच बदलणार नव्हतास."

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "मी कुठं म्हणालो, सर? ते तुमी लिखलं असेल."

गाडी त्याची होती, पैसे त्याचे होते आणि त्याने कुणाला काहीच कबूल केलं नव्हतं. ज्याने कबूल केलं होतं तो मी होतो. शेजारी पेंटर ब्रश घेऊन उभा होता आणि मी त्याला 'रॉयल'चं स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं. तेही मी केलं. मग वही पिशवीत घालून घरी आलो.

लग्नाला बायको आली नाही. मी गेलो. वरात वाजतगाजत आली, सिंहासनावर नवरदेव घामाने निथळत होता, गाडी इतकी तापली होती की चार माणसं मागून ढकलत होती. स्टेजवर मला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. "या गाडीचं सगळं इंग्रजी आमच्या सरांनी केलं," विद्यार्थ्याने माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. मग पंगतीत बसून मांडे खाल्ले, मावा जिलेबी दोनदा घेतली. घरी येऊन ती उलटून पडली. बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, "तिला काय कळवलंत?"

"काही नाही."

चारच दिवसांनी बाईंनी लिहिलं. थंडी सुरू झालीय, मोकळ्या जागेकडे बघून चुकल्यासारखं वाटतं. मेकॅनिकसोबत गाडीचा एक फोटो पाठवाल का, टीचर?

त्यावर मी काय केलं तेही सांगून टाकतो. गाडीचा इच्छापुरचा फोटो माझ्याकडे होताच. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला वयस्कर आहे, दाढी पांढरी आहे, हात काळे असतात. त्याचा एक वेगळा फोटो काढून पाठवला तर चालेल, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी चपला घालून त्याच्या दुकानापर्यंत गेलो. तो टायरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "बोलो मास्टरजी, हवा भरनी है?" त्याने विचारलं. मी सायकलसुद्धा नेली नव्हती. हातातला मोबाईल खिशात टाकला. गुटख्याच्या त्या ओघळाचीही आली नव्हती तेवढी किळस मला तिथे उभं राहून स्वतःची आली.

"काही नाही," म्हणालो आणि परत फिरलो.

त्या दुपारी मी खरं लिहिलं. शेड नाही, मेकॅनिक नाही, गॅरेज दुसऱ्याचं. छत कापलं, रंग बदलला. गाडी घेणाऱ्याने मला यातलं एक अक्षरही लिहायला सांगितलं नव्हतं, हेही लिहिलं. वही माझ्याकडे आहे, पुढची पानं गेलीत, तुम्ही म्हणाल तर पाठवतो. पहिल्यांदाच मला इंग्रजी शब्द शोधावे लागले.

आठ दिवस काही आलं नाही. मग चार ओळी आल्या. त्यात मी कुठेही 'टीचर' नव्हतो. 'ज्याला मी नाही म्हटलं, त्याने निदान काय करणार ते तोंडावर सांगितलं होतं. वही परत पाठवा. खाली पत्ता आहे. यापुढे लिहू नका.'

उरलेल्या पानांवरची पुट्टी मी ब्लेडने हळूहळू खरवडली. जिथे अक्षर निघून येईल असं वाटलं तिथे तशीच ठेवली. पोस्टात खिडकीवरच्या बाईने विचारलं, "अंदर क्या है?" मी म्हटलं, "किसी की कॉपी है." ती पोचली की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

विद्यार्थी यंदा पुन्हा आला. गाडीला लग्नाच्या मागण्या इतक्या येतात की एक पुरत नाही. अमेरिकेतच दुसरी बघितली होती, लाल. मालक म्हातारा होता आणि तोही सवाल करत होता.

"मी लिहिणार नाही," मी सांगितलं.

"का सर? तब्येत बरी नाही का?"

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंचे प्रश्न, माझी उत्तरं, डॉक्टरांचं गॅरेज, शेवटचं पत्र. त्याने शांतपणे ऐकलं. मधे एकदा मोबाईल वाजला तो त्याने बंद केला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुमी फार मनाला लावून घेतलं, सर. आपण तर गाडीचे पूरे पैसे दिले."

चहा पिऊन तो पाया पडला आणि उठला. दारात म्हणाला, "हरकत नाही. पोरगा मोबाईलवरून लिहून घेईल. आजकाल मोबाईलच लिहितो, अन् चांगलं लिहितो."

गेल्या आठवड्यात कळलं, म्हातारा कबूल झाला आणि लाल गाडी जहाजात चढली.