आत्याची बर्फझेप

"आदी हो बोल, मंग ऐक."

दुकानात पाऊल टाकलं की आत्या काउंटरवर दोन्ही तळवे आपटायची आणि पहिलं वाक्य हेच बोलायची. काम काय, कधी हवंय, ते नंतर. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. नकाराचा त्यांना राग येत नाही, कारण तो त्यांना ऐकूच येत नाही.

माझं भिवंडीत धामणकर नाक्यावर बॅनर छापायचं दुकान आहे. वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग होते, ते विकले आणि मी फ्लेक्सचं मशीन घेतलं. वाढदिवस, साखरपुडे, कबड्डी, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळं छापून झालेलं. आत्या वळ गावची. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं आणि त्यावर कंपनीचं जाडजूड जॅकेट. वळ आणि शेजारच्या पूर्णा गावातल्या गोदामांना ती कामाला बायका पुरवायची, आणि त्यातलं एक गोदाम गोठवलेल्या मालाचं होतं, म्हणून ते जॅकेट. भर मे महिन्यातही ती ते काढत नसे. ती नक्की कोणाची आत्या हे मला आजही ठाऊक नाही. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचीच होती.

एके दिवशी असंच माझ्याकडून हो म्हणवून घेऊन तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. परदेशात कुठेतरी बर्फाचा मोठा उतार. चौघं जण हेल्मेट आणि स्केट घालून एकदम सुटतात, उंचवट्यांवरून उड्या घेतात, वळणावर एकमेकांवर आदळतात, आणि जो आधी खाली पोचेल तो जिंकला.

"आपले बैलगाड्यासारखाच हाय," आत्या म्हणाली. "फकस्त बैल न्हाईत."

"आणि बर्फही नाही," मी म्हणालो. "इथे सरबतात टाकायला पुरत नाही, आत्या."

"तू मगाशी हो बोललास ना? मंग आता ऐक."

खेळाडू तिच्याकडे आधीपासूनच होते. रविवारी गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर गावातली पोरंपोरी चाकांचे स्केट घालून भिरभिरायची. त्यांना हाकलायचं काम कंपनीने आत्याकडे दिलं होतं. हाकलता हाकलता ती त्यांची कप्तान झाली. मुंबईच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर शिकवणाऱ्या कोचसाहेबांना तिने गाठलं, त्यांच्याकडूनही आधी हो वदवून घेतलं, आणि पोरांना खऱ्या बर्फावर उभं केलं. खेळाचं नाव तिनेच ठेवलं, 'बर्फझेप'.

गावात मात्र हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पारावरच्या एका म्हाताऱ्याने तर निकालच देऊन टाकला, "बर्फ दोनच कामाला लागतो, मासलीला आनि मयताला."

आत्याने त्यालाच पहिल्या रांगेतलं आमंत्रण दिलं.

जागेसाठी तिने गोठवलेल्या मालाच्या गोदामाच्या शेठला धरलं. जुना मटार गेला होता आणि नवा यायचा होता, तेवढ्या मधल्या दिवसांत सगळ्यात मोठी खोली रिकामी होती. शेठ सज्जन, पण व्यापारी माणूस. त्याने अट स्पष्ट सांगितली. शेवटच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत फायनल होऊन खोली मोकळी झाली पाहिजे. नीट पार पडलं तर दरवर्षी खोली मिळेल. गडबड झाली तर हा विषय त्याच्यापुढे पुन्हा काढायचा नाही. खोली नाही तर खेळ नाही, हे आत्याला आणि पोरांनाही पक्कं ठाऊक होतं. भिवंडीत दुसरीकडे कुठे बर्फाचा डोंगर उभा राहणार होता?

मग कामाला जुंपून घेतलं सगळ्यांनी. बांबूंची परांची, वर प्लायवूड, त्याला चढउतार आणि एक भलं मोठं वळण. आत्याच्या बायका ड्युटी संपवून यायच्या आणि नळीने पाण्याचा बारीक फवारा मारायच्या. एक थर गोठला की दुसरा. घाईने एकदाच जाड थर ओतला तर त्याला भेगा पडतात, हे एकदा सगळा उतार फोडून पुन्हा करताना कळलं. तेव्हाही आत्या म्हणाली, "व्हय, चुकलं. चला, नली आना."

जाहिरात ही माझी बाजू, असं मी समजत होतो. आमच्याकडे बॅनर म्हटला की वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे, आणि कार्यक्रम काय ते भिंग घेऊन शोधायचं. आत्याने सगळे काढायला लावले. "खेलनाऱ्यांचे टाक," म्हणाली. टाकले. पण तिच्या हट्टामुळे सगळे हेल्मेटमध्ये! दोन दिवस आया दुकानात येऊन विचारत होत्या, "भाई, यातला माझा कंचा?" मलाच कळत नव्हतं, मी काय सांगणार कपाळ!

तरी नाक्यावर कोणी मान वर करून बघेना. मग आत्याने कारखान्यातून बर्फाची लादी आणली आणि बॅनरखाली ठेवली. लादीवर अनवाणी उभं राहायचं, आपल्या गावाचं नाव मोठ्याने घ्यायचं, प्रवेश फुकट. पहिला एक रिक्षावाला चढला आणि किंचाळत उतरला. मग काय विचारता! लूमवरची शिफ्ट सुटली आणि पोरांनी रांग लावली. कोणी आझमगढ ओरडतोय, कोणी पूर्णा, कोणी वळ. वाहतूक तुंबली म्हणून हवालदार आला. आत्याने त्याला विचारलं, "साहेब, तुमचा गाव कंचा?" बूट काढून त्याने सातारा म्हटलं आणि मग सगळ्यांना हाकललं.

शर्यतीच्या दिवशी गर्दी लोटली. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत दात वाजतायत. लोक गोधड्या, लग्नातल्या शाली, काय मिळेल ते पांघरून आलेले. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी मी ओळखीच्या लूमवाल्यांकडून कोऱ्या कापडाचे तागे आणवले होते. रंगाईला जायच्या आधीच ते कापड माणसांच्या अंगावर चढलं. पारावरचा म्हातारा पहिल्या रांगेत, कानटोपीतून फक्त डोळे बाहेर.

शिट्टी वाजली. चौघं सुटले. पहिल्या उडीला म्हाताऱ्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. वळणावर दोघं आपटले, पुन्हा उठले, आणि पूर्णाचा पोरगा पहिला खाली आला. छत उडेल असा आवाज झाला.

आणि मग घात झाला. आमच्याकडे जिंकणाऱ्यावर गुलाल उधळतात. बैलगाडा असो, कबड्डी असो, निवडणूक असो. पूर्णाकरांनी पिशव्याच्या पिशव्या आणल्या होत्या. उतार वरपासून खालपर्यंत गुलाबी झाला. पुढची फेरी सुटली आणि गुलालात स्केट अडकून चौघंही मध्येच कोसळले. नशीब, कोणाला लागलं नाही. कोचसाहेब डोक्याला हात लावून म्हणाले, "वरचा थर खरवडायचा म्हणजे आजचा दिवस गेला." शेठने घड्याळाकडे पाहिलं. बाहेर मटाराचे ट्रक येऊन उभे राहिले होते. पोरांचे चेहरे मला बघवेनात.

कोणीतरी नळी घेऊन धावला.

"पानी नको!" आत्या कडाडली. "पानी टाकलास तर रंग आतच गोठंल. सुका हाय तवर झटकायचा."

झाडू घेऊन उतारावर उभं कोण राहणार? ज्याने त्याने प्रयत्न केला आणि घसरत खाली आला. आत्याने कोऱ्या कापडाचा एक तागा उचलला, वर चढली, तो घडी करून बर्फावर टाकला आणि त्यावर फतकल मारून बसली.

"अरे चाची, गिर जाओगी!" लूमवाली पोरं ओरडली.

"गिरने के लिए ही बैठी हूँ!" म्हणाली आणि सुटली.

उड्यांवरून, वळणावरून, पुढे गुलालाचा ढीग ढकलत, तोंडाने शिव्या की देवाचं नाव कोण जाणे, पण आत्या खाली आली. मागे बर्फाचा पांढरा लख्ख पट्टा. मग तिच्या बायका, एकामागून एक, कासोटे आवळत, कोऱ्या कापडावर बसून सुटल्या. हसण्याने, शिट्ट्यांनी खोली दणाणली. मी आयुष्यात पुष्कळ शर्यती पाहिल्या, पुष्कळ जिंकणारे छापले, पण त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते थंडीमुळे नव्हतं.

उतार साफ झाला. फेऱ्या झाल्या, फायनल झाली. वळची एक पोरगी हाताच्या अंतराने पहिली आली. गुलाल बाहेर, उन्हात उडाला. शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा गोदामाच्या पत्र्यावर अजून ऊन होतं.

शेठ गुलाबी झालेल्या आत्यासमोर येऊन उभा राहिला. "पुढल्या वर्षी किती दिवस पाहिजेत?"

"आदी हो बोला," आत्या म्हणाली.

शेठ हो म्हणाला.

त्यानंतर इथे दर वर्षी बर्फझेप होते. चार गावांचे संघ आहेत. यंदा वळच्या संघाला लडाखमधून बोलावणं आलं, आणि आत्या पोरांना घेऊन तिकडे गेली. काउंटरवर हात आपटणारं कोणी नाही म्हणून दुकान सुनं वाटत होतं. काल दुपारी तिचा फोन आला. मी विचारलं, पोरं जिंकली का? दुसरे आले, म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला.

"आत्या, आहेस ना?"

"हाय रे. तलाव गोठलाय, त्याच्यावर बसलेय. पोरं कवाची जेवायला गेली." मग हळूच म्हणाली, "भाई, हितं बर्फ उघड्यावरच पडलाय. कुनाला इचारायला लागत न्हाय. आनि उठ, खोली खाली कर, असा बोलनारा कोनी न्हाय."