कॅरव्हॅन तपासणारे डॉक्टर

डावा पंजा भिंतीवर पसरायचा, त्याच्या मधल्या बोटावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "इथे पाणी धरलंय." छातीचे डॉक्टर रुग्णाच्या पाठीवर असं करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचे डॉक्टर ते कॅरव्हॅनच्या भिंतीवर करायचे.

इंग्लंडात, मेडनहेडला ते आमचे शेजारी. हॉस्पिटलमधून निवृत्त झाले त्या वर्षी काकूंनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं. कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन स्कॉटलंडच्या किनाऱ्याने फिरायचं, सकाळी दार उघडलं की समोर समुद्र हवा. डॉक्टर एका पायावर तयार झाले. फक्त कॅरव्हॅन मजबूत बांधणीची हवी, एवढंच म्हणाले. त्या 'एवढंच'मध्ये पाच उन्हाळे गेले.

मी तेव्हा ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो आणि शनिवारी मला काही काम नसतं, असा डॉक्टरांचा ठाम समज होता. रीडिंगजवळच्या शोरूममध्ये आम्ही इतक्या वेळा गेलो, की तिथला सेल्समन न विचारता डॉक्टरांना बिनसाखरेचा चहा आणून द्यायचा. कंपन्यांची माहितीपत्रकं डॉक्टरांना तोंडपाठ होती. एका कंपनीच्या भिंती जाड, पण खिडक्यांचे सांधे कच्चे. जर्मन बनावटीची पक्की, पण तिचं दार इथल्या रस्त्यावर नेमकं रहदारीच्या बाजूला उघडायचं. तिसरीत काहीच दोष सापडेना, तेव्हा मात्र ते फार अस्वस्थ झाले. "ही काहीतरी लपवतेय," म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

सुरुवातीला काकूही यायच्या. डॉक्टर भिंती ठोकत असताना त्या आतल्या चिमुकल्या ओट्यापाशी उभ्या राहून मिसळणाचा डबा कुठे बसेल ते बघायच्या. पुढेपुढे त्यांनी येणं सोडलं. गुडघे कुरकुरायला लागले होते. स्कॉटलंडचं नावही त्या काढेनाशा झाल्या, आणि मला त्यांचं वाईट वाटायचं. एकदा धीर करून डॉक्टरांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "घाई नको रे. वन्स इन अ लाइफटाइम घ्यायची आहे."

सहाव्या उन्हाळ्यात एका शनिवारी आम्ही असेच हात हलवत परतलो, तर त्यांच्या दारात एक जुनाट कॅरव्हॅन उभी. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची ती काकूंनी परस्पर विकत घेतली होती. डॉक्टर गाडीतून उतरले ते थेट भिंतीपाशी गेले.

"मागचा कॉर्नर गेलाय. आतलं लाकूड भिजलंय."

"माझेही गुडघे गेलेत," काकू म्हणाल्या. "अहो, समुद्रकाठच्या कॅरव्हॅन साइटचं बुकिंग झालंय. मंडे मॉर्निंगला निघायचं."

डॉक्टर घरात गेले आणि स्वेटर शोधू लागले.

दोन उन्हाळे ते त्या कॅरव्हॅनमधून हिंडले. कोपरा गळायचा, खाली पातेलं ठेवायचं. डॉक्टरांची पोस्टकार्डं यायची. पुढे समुद्र, मागे गळतीचा अहवाल, आणि शेवटी 'रुग्ण स्थिर आहे. काकू खूश आहे.' तिसरा उन्हाळा यायच्या आधीच, हृदयविकाराच्या झटक्याने, डॉक्टर गेले.

अंत्यविधीला तो सेल्समन काळा टाय लावून आला. ज्या माणसाने त्याच्याकडून कधी काही घेतलं नाही, त्याच्यासाठी त्याने दुकान बंद ठेवलं होतं. काकूंचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "इतकं तपासून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "मला बघायला आले होते, तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले. रजा संपत आली होती."

सेल्समन माझ्या तोंडाकडे बघत होता. मी रजेचं गाळून बाकीचं त्याला इंग्रजीत सांगितलं. रजेचं काकूंनी स्वतःच सांगितलं, सांगताना हसल्या, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.