बाझिलचं पातेलं आणि ओनोरीनची जीभ

"पातेल्यात काय शिजलंय ते आधी सांगा, मग पिंपातलं विचारा," असं ओनोरीन व्हियाला उठता-बसता म्हणायची. लग्नात म्हणायची, मयतालाही म्हणायची. एकदा पाद्रीबाबांनी प्रवचनात वाइनचं नाव काढलं, तर ही पहिल्या बाकावरून मोठ्यानं म्हणाली, "सोबत काय होतं?"

दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोकच्या दगडी उतारावर द्राक्ष एकट्यानं नांदत नाही. ग्रनाश गोड आणि अंगानं भरलेलं, पण आळशी. सिरा काळंभोर, मिऱ्यासारखा झणका देणारं. आणि कारिन्यान जन्माचं आंबट, कुणाशी न पटणारं. या साऱ्यांचा एका बाटलीत संसार मांडून द्यायचं काम ओनोरीनचं. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा आणि धिरड्यांचा सण उरकला, की गावच्या वाइनच्या सहकारी तळघरासमोर छाटलेल्या वेलींच्या काड्या पेटायच्या आणि त्यावर घरोघरची पातेली गरम व्हायची. ज्या मिश्रणासोबत पातेली तळापर्यंत पुसली जायची, ते त्या वर्षाचं मिश्रण.

ही रीत बाझिल काबानेलच्या मुळावर आली होती. त्याच्याकडे होतं नुसतं कारिन्यान. बापानं लावलेलं, खोडं म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसारखी वाकडी. दर वर्षी बायका ऑलिव्ह घातलेलं कोवळं कोकरू आणायच्या, रानातला थाइमचा पाला चोळलेली कोंबडी आणायच्या. त्या नाजूक जेवणात त्याची वाइन म्हणजे बारशाला आलेला पैलवान. यंदाही ती मिश्रणात गेली नाही तर मळा उपटायचा, असं त्यानं ठरवलं होतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

म्हणून जन्मात पहिल्यांदा हा ब्रह्मचारी चुलीपुढं बसला. पांढरा घेवडा, डुकराचं मांस, बदकाची तंगडी. चव येईना म्हणून त्यानं बदकाची चरबी घातली. तरी येईना, म्हणून आणखी घातली.

तळघरासमोर झाकण उघडलं तेव्हा सहकारी संस्थेचा अध्यक्ष फुल्क्राँ वाकून बघू लागला.

"अरे बाझिल, हे कालवण आहे की गाडीचं वंगण?"

"खाऊन तर बघ."

"थांब, आधी मृत्युपत्र करून येतो."

हसत हसत प्रत्येकानं चमचाभर घेतलं आणि हसणं थांबलं. ओठ ओठाला चिकटले. कुणी घाईनं ग्रनाशचं मिश्रण प्यायलं, तर तुपावर काकवी ओतल्यासारखं झालं. सिरा जास्त असलेलं प्यायलं, तर घशात नुसता ठसका. शेवटी डोळ्यांत पाणी आलेल्या फुल्क्राँनं बाझिलच्या सुरईकडं हात केला, "ते आंबट इकडं द्या! लवकर!"

त्याच्या पेल्यातल्या मिश्रणात थोडं कारिन्यान पडलं. तो प्यायला. मग त्यानं पुन्हा चमचा उचलला. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बघता बघता घेवड्याचं पातेलं पावानं पुसून लख्ख झालं, आणि कोकरू तसंच गार होत राहिलं.

ओनोरीननं आपला वाडगा आधीच भरून घेतला होता; ती सगळ्यात शेवटी जेवली, सावकाश.

"खरं सांग रे, मुद्दाम केलंस ना इतकं तेलकट?"

बाझिलला हो म्हणता आलं असतं. चार लोकांत शहाणा ठरला असता.

"नाही गं," तो म्हणाला, "मला एवढंच येतं."

ओनोरीन हसली ती एप्रन तोंडाला लावून, डोळे पुसत. मग म्हणाली, "ही बाटली लोक उघडणार कडाक्याच्या थंडीत, बदकावर आणि घेवड्यावर. आणि आम्ही मूर्ख ती वसंतातल्या कोकरावर ठरवत बसलो! फुल्क्राँ, तीन भाग ग्रनाश, एक सिरा, एक कारिन्यान."

"कारिन्यान दोन कर," बाझिल पुटपुटला.

"लाडात येऊ नकोस. ट्रॅक्टरवाल्याला येऊ नको म्हणून सांग, तेवढं पुष्कळ झालं."

तिच्या वाडग्याच्या तळाशी घेवड्याचा रस्सा उरला होता. त्यात तिनं नवं मिश्रण ओतलं, वाडगा दोन्ही हातांनी उचलून एका दमात रिकामा केला आणि हनुवटी पुसली. आमच्याकडं पसंतीचा याच्यावर दुसरा शिक्का नाही.

मग तिची नजर त्या काजळीनं काळ्या झालेल्या पातेल्यावर गेली.

"हे घासता तरी येतं का?"

"नाही."

"वाटलंच."

पातेलं काखेत मारून ती चढाच्या गल्लीनं निघाली. बाझिल तळघराच्या दारात उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहिला. आणि बाझिल कसा बघतोय ते, कोकराची आपापली गार पातेली हातात धरून, गावच्या साऱ्या बायका बघत राहिल्या.