पोपटरावांनंतरची मेस

महिपती परभणीकडचा. कतारमध्ये दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात कंपनीची बस चालवायचा आणि स्वभावानं असा संशयी, की आरशात मागची गाडी दिसली तरी मान वळवून खात्री करून घ्यायचा. अशा माणसाच्या हाती कामगारांच्या कॅम्पातल्या मराठी मेसचा कारभार आला आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्याच्याआधी मेसवर पोपटरावांचं राज्य होतं. भाजी कुठली, तिखट किती, मीठ किती, हे तेच ठरवणार. कोठीची किल्ली त्यांच्या करगोट्याला, वाढायची पळीही त्यांच्याच हातात. कुणी तोंड उघडलं की त्याच्या ताटात नुसतं रश्श्याचं पाणी. लोकांनी वर्षानुवर्षं ते निमूट गिळलं. मग एका शुक्रवारी सगळ्यांनी ताटं पालथी घातली आणि वाढून घ्यायला कुणी पुढं झालंच नाही. पोपटराव जरा वेळ पळी धरून उभे राहिले, मग किल्ली ओट्यावर ठेवून आपल्या खोलीत गेले. लोकांनी हात वर करून महिपतीला निवडलं.

त्यानं पहिला नियम केला तोही संशयाचाच. यापुढं स्वयंपाक एकट्याच्या हाती नाही. रोज दोघं, एक पोपटरावांच्या गटातला, एक विरोधातला. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. नियम सगळ्यांना पसंत पडला.

आणि आमटी बिघडू लागली. कधी तोंडात धरवेना इतकी खारट, कधी अगदी अळणी. महिपतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोपटराव आजकाल फार शांत होते, आल्यागेल्याशी हसून बोलत होते. गादी गेलेला माणूस हसतो कशाला? त्यात लोक कुरकुरायला लागले, "पोपटरावाच्या टायमाला आमटी तरी बरी व्हती." त्यांना हेच हवंय, महिपतीनं ताडलं. येत्या शुक्रवारच्या बैठकीत पोपटरावांना मेसमधूनच काढायचं, असं त्यानं पक्कं केलं.

बस गॅरेजला नेली तेव्हा त्यानं हे अबू नादिरला सांगितलं. हा सीरियाचा मेकॅनिक. त्याच्या देशातली जुनी राजवट कोसळली त्या दिवशी त्यानं अख्ख्या गॅरेजला मिठाई वाटली होती. परत मात्र अजून गेला नव्हता. दोघांचं बोलणं मोडक्या हिंदीत चाले.

"हाकलणं झालं, हबीबी, ते आम्हीही केलं," अबू नादिर पाना पुसत म्हणाला. "आता भाऊ फोनवर सांगतो, तिकडं जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून आहे. बोलत कुणी नाही. तुझ्याकडं पुरावा आहे?"

"मिळवतो," महिपती म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो कोठीत तांदळाच्या पोत्यांमागं दडून बसला. मेसचा प्रमुख चोरासारखा बसलाय याची त्याला लाज वाटली, पण दाराच्या फटीवरून डोळा हलेना. ओट्याशी पोपटरावांचा बाबू आणि विरोधातला रामेश्वर, एकमेकांकडं पाठ करून. आमटीला उकळी आली. बाबूनं मीठ टाकलं आणि तो कांदा चिरायला बसला. थोड्या वेळानं रामेश्वर कणकेचे हात धुऊन आला. त्यानं पातेल्यात पाहिलं, बाबूच्या पाठीकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं मीठ टाकलं. विचारणार कसं? विचारलं तर आपण नमतं घेतलं असं व्हायचं. आणि चव बघून जेवणाआधी आमटी उष्टी करायची नाही, ही तर दोघांच्याही घरची रीत.

महिपतीला उमगलं. घात कुणी केलाच नव्हता. नजर ठेवा म्हणून त्यानं सांगितलं होतं, बोला म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. अळणी आमटीच्या दिवशी, दुसऱ्यानं टाकलं असेल असं धरून दोघंही हात आवरत असणार. आणि एवढ्यावर तो एका माणसाचं ताट बंद करायला निघाला होता.

दुपारी बैठकीत आमटी बिघडवणाऱ्याचं नाव ऐकायला सगळे जमले. पोपटराव दाराशीच उभे होते. आपलंच नाव येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"कुणीच न्हाई," महिपती म्हणाला. "मीठ दोघंबी टाकतेत, न्हाई तर दोघंबी टाकत न्हाईत. चूक माझ्या नियमाची हाय. आजपासून टाकणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं."

"तुला कसं कळलं?" पोपटरावांनी विचारलं.

"पोत्यामागं लपून बघितलं."



"म्हंजी आमच्यावर तू नजर ठेवणार," पोपटराव म्हणाले. "अन् तुझ्यावर कोण?"

"तुम्ही," महिपती म्हणाला. "पर समोर बसून."

पोपटरावांनी त्याच्याकडं पाहिलं. हा नवा डाव तर नाही, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. मग ते आत आले आणि ताट घेऊन सगळ्यांच्या पंगतीत बसले.

त्या दिवशीची आमटी खारटच होती. पोपटरावांनी पहिला घास घेतला आणि तसं मोठ्यानं सांगितलं.