फरशीखाली काकांची नाळ आहे

सौंसरवाल्यांनो, आज मला काही सुचून नाही राहिलं.

आमच्या भाड्याच्या घरात मधल्या खोलीची फरशी उखडली आहे. सासूबाई तिथं ठेच लागून पडतात. म्हणून सकाळी मिस्त्री बोलावला, टाइल्सही आणल्या. तो पहिला घाव घालणार तेवढ्यात घरमालक काका आले.

"थांब बापा. माही नाळ इथंच पुरली हाय. तवा आपली राजधानी भोपाळ नाही, नागपूर होती. मी चालाले लागल्यावर बाबानं वरून फरशी बसवली."

मिस्त्रीनं छन्नी पिशवीत टाकली. "ताई, मी नाही तोडत," म्हणे.

संध्याकाळी सासूबाई पुन्हा तिथंच पडल्या. मी चिडले, तर गुडघा चोळत म्हणाल्या, "मीच जपून चालीन. त्यायच्या मायनं पुरली हाय."

टाइल्स दारात पडून आहेत. सांगा, आता मी कोणाशी भांडू?