जपानातलं नाय

नवशा पहिल्यांदा माझ्या सायबर कॅफेत शिरला तेव्हा शहापूरच्या आकाशात सूर्य क्षणभर थबकला, स्टँडावरची मुरबाड गाडी चक्क वेळेवर सुटली आणि माझ्या दोन्ही कॉम्प्युटरांनी भीतीनं एकमेकांकडे पाहिलं. दार अडवून उभा असलेला तो देह मला किमान सात फुटी वाटला. नंतर चपला काढून आत आल्यावर तो माझ्या खांद्याला लागत होता, ही गोष्ट वेगळी. त्याच्या बगलेत एक कोंबडा होता. असा कोंबडा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मशालीसारखा तुरा, फौजदाराची नजर आणि वर्गणी मागायला आल्यासारखी छाती! नवशानं तो कोंबडा उचलून सरळ मॉनिटरवर ठेवला. तेव्हाचे मॉनिटर टीव्हीएवढे पाठाळ असत आणि तव्यासारखे तापत. कोंबड्यानं बूड टेकलं, ऊब लागली, डोळे मिटले.

मग नवशा खुर्चीवर बसला आणि रेडिओवर बातम्या लावायला सांगावं तसं म्हणाला, "शेट, जपान लावा."

सन दोन हजार सहाची ही गोष्ट. नवशा शेणव्याजवळच्या एका पाड्यावरचा. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नाही म्हणून आईबापांनी नवस केला आणि हा झाला, म्हणून नवशा. बारावीनंतर तो मुरबाडकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. कारखान्याची भागीदारी जपान्यांशी होती. पावसाळ्याआधी तिथं बातमी फुटली की चार कामगारांना सहा महिने जपानला शिकायला पाठवणार आणि परत आले की पर्मनंट करणार. अट एकच सांगितली गेली. थोडं जपानी बोलता यायला हवं, आणि ते ऐकायला खुद्द जपानी साहेब येणार.

ठेकेदाराच्या माणसाला 'पर्मनंट' या शब्दाचा काय वास येतो, ते पर्मनंट माणसाला कळायचं नाही. नवशा त्या वासामागे दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, माझ्याकडे येऊ लागला.

एका वेबसाइटवर जपानी शब्दांचे पत्ते होते. पत्त्याच्या पुढच्या बाजूला शब्द. माऊस दाबला की पत्ता उलटायचा, मागे अर्थ आणि एक नमुन्याचं वाक्य. खाली दोन बटणं, एक 'येतं'चं आणि एक 'येत नाही'चं. 'येतं' दाबलं की तो पत्ता कित्येक दिवस तोंड दाखवत नसे. 'येत नाही' दाबलं की जेवणाच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यासारखा पुन्हा पुन्हा दारात हजर. अर्थ इंग्रजीत असत. ते नवशा आणि मी मिळून सोडवायचो, म्हणजे दोघांचं मिळून एका माणसाइतकं इंग्रजी व्हायचं.

पहिल्याच दिवशी 'निवातोरी' आला. निवा म्हणजे अंगण, तोरी म्हणजे पाखरू, अंगणातलं पाखरू म्हणजे कोंबडा. नवशानं वर पाहिलं. वरचा निवातोरी घोरत होता. त्याचं बारसं तिथंच झालं.

त्या काळात वीज नावाची पाहुणी आमच्याकडे येऊनजाऊन असे. त्यामुळे व्हायचं काय, की शब्दाची पुढची बाजू सकाळी दिसे आणि मागची संध्याकाळी. एकदा 'हानाबी' हा पत्ता पडद्यावर आला आणि भारनियमन सुरू झालं. नवशा दिवसभर तो शब्द तोंडात घोळवत बाजारात हिंडला.

"हाणा बी!" तो म्हणाला. "म्हंजे बोला नि हाणा बी. मारामारीचा शब्द हाय, शेट."

दिवे आल्यावर पत्ता उलटला, तर हानाबी म्हणजे आतषबाजी.

"मंग वाजलंच ना शेवटी," नवशा म्हणाला आणि त्यानं निःशंकपणे 'येतं'चं बटण दाबलं.

आता या 'पत्ते' शब्दानं घोटाळा केला. पाड्यावर बातमी गेली की नवशा सुट्टीच्या दिवशी शहापुरात बसून पत्ते खेळतो. एका शुक्रवारी त्याचा बाप धाऊ कॅफेच्या दारात उभा राहिला. हातात काठी, मागे सून राही, कडेवर पोर.

"कुठं हाय तो पत्तेवाला?" धाऊ गरजला. "नवसानं झाला नि जुगारात गेला!"

"बाबा, ह्ये शिकायचं पत्तं हायत," नवशा खुर्चीमागे सरकत म्हणाला.

"पत्तं काय शिकायचं असतात? मला शिकवतो? म्हशाच्या जत्रंत लोकांची बैलं गेली पत्त्यांत!"

मी मध्ये पडलो, धाऊला स्टूल दिलं आणि नवशानं पत्ता उलटला. मागचं वाक्य होतं, 'तानाका-सान वाचनालयात जातात.' धाऊनं काठी भिंतीला टेकवली.

"ह्यो तानाका कोन?"

"जपानी माणूस. वाक्यात असतो," नवशा म्हणाला. "आनि सान म्हंजे राव. मानानं बोलायचं."

"येवढा वाचनारा मानूस, त्याला सान कशाला म्हनतां रे? थोर म्हना!"

त्या दिवसापासून धाऊ दर शुक्रवारी हजर. जपानीचं त्याला सोयरसुतक नव्हतं, त्याला तानाकाची काळजी लागली होती. कारण तानाका ह्या वाक्यातून त्या वाक्यात जगायचा कसा, तर वाचनालयात जायचा, सफरचंद खायचा, बसची वाट पाहायचा, पुन्हा वाचनालय. भात लावताना तो एकदाही दिसला नाही.

"ह्याला जमीन नाय का?" धाऊ विचारी.

"बायको तरी हाय का?" राही विचारी. "इतकी सफरचंदं खातो, घरात कोनी रांधत नसंल गो बाई."

मी त्या जपानी गृहस्थाच्या संसारात इतका गुंतलो होतो की एका वाक्यात 'तानाका-सान आजारी आहेत' असं आलं तेव्हा चहा मागवायचा राहून गेला. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा वाचनालयात निघालेला दिसला आणि आम्ही चौघांनी सुटकेचा श्वास सोडला. कोंबड्याचं सांगता येत नाही. कोंबड्याचीही एक काळजी होतीच म्हणा. धाऊनं गावदेवाला बोलून ठेवलं होतं, पोरगा पर्मनंट झाला की ह्योच निवातोरी देवाला. तेव्हा मॉनिटरवर बसून तो दर शुक्रवारी आपल्याच मरणाची तयारी ऐकत होता, आणि ऊब लागते म्हणून झोपत होता.

आणि मग तो शुक्रवार आला. पत्ता उलटला आणि नवशा खुर्चीतून उडालाच.

"शेट! नाय! हितं नाय हाय!"

खरोखरच होतं. 'ताबेनाय', म्हणजे खात नाही. 'इकानाय', जात नाही. 'वाकारानाय', कळत नाही. क्रियापद आधी आणि शेवटी ठणठणीत नाय. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का'. म्हणजे जातो का, नाय. खातो का, नाय. शेणव्याच्या बांधावरून कुणीतरी उचलून जपानात नेऊन ठेवावं तशी ती भाषा.

तुम्हाला हसू येईल, पण त्या क्षणी नवशाचे डोळे भरून आले होते. शाळेत गुरुजींनी त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, अंदाजानं लावलेली एक जूनची जन्मतारीख. ती सगळ्या वर्गाला होती, अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. आणि दुसरी म्हणजे 'नाय' म्हटल्याबद्दल छड्या. "नाय नाही, नाही म्हण!" असं गुरुजी ओरडत, आणि पोरं गोंधळून "नाय गुरुजी" म्हणत.

"गुरुजी उगाच मारत व्हते," नवशा हळूच म्हणाला. "येवढा मोटा देश नाय म्हनतो."

तिथून तो सुटला. नायवाले पत्ते तो पुन्हा पुन्हा मागवून घेई. येत असले तरी 'येत नाही' दाबी, केवळ भेट व्हावी म्हणून. मध्येच कधी 'मासेन' शेपटीचे पत्ते यायचे, 'ताबेमासेन', 'इकिमासेन'. अर्थ तोच, खात नाही, जात नाही. नवशा नाक मुरडायचा.

"ह्ये शिकल्यालं बोलनं वाटतंय. गुरुजींचं." आणि 'येतं' दाबून तो मासेनला दोन आठवडे हद्दपार करायचा.

राही एकदा म्हणाली होती, "धनी, ते बी बघा की. सायबापुढं जायचंय."

"सायेब काय गुरुजी हाय?" नवशा म्हणाला.

परीक्षेचा दिवस उजाडला. काय झालं ते पुढच्या शुक्रवारी नवशानं आम्हाला कॅफेत करून दाखवलं. धाऊला साहेब केलं, राहीला पुण्याहून आलेली दुभाषी बाई.

साहेबानं वाकून विचारलं होतं, कारखान्याचं काम कळतं का? नवशानं चोख सांगितलं. कुठं राहता का, घरी कोण आहे का, सगळं पार पडलं. मग साहेबानं विचारलं, "साके ओ नोमिमासु का?" दारू पिता का?

नवशाला वाटलं, आली आपली वेळ. ताठ झाला आणि पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्याला हाक घालावी तसा ओरडला, "नोमानाय!"

दुभाषी बाई दचकली. "नोमिमासेन म्हणा," ती कुजबुजली. "मोठ्या माणसासमोर मासेन म्हणतात. नाय मित्राला, घरच्या माणसाला."

म्हणजे तिथंही गुरुजी होतेच. फक्त त्यांचं नाव मासेन होतं.

"मंग?" राहीनं विचारलं. "मासेन म्हनालात का?"

"सुदरंचना. घाबरलो ना. सायेबानं परत विचारलं, सिगरेट? मी म्हनालो, सुवानाय! मग म्हनाला, कळलं का बाई काय म्हनते ते? मी म्हनालो, वाकारानाय!"

धाऊनं कपाळावर हात मारला. पण नवशा पुढे सांगू लागला. साहेबानं चष्मा काढला. डोळे पुसले. तो हसत होता, टेबलावर पालथा पडून हसत होता. मग त्यानं बाईला काहीतरी सांगितलं आणि बाईनं ते मराठीत आणलं. साहेब म्हणतात, साहेब झाल्यापासून माझ्याशी इतक्या सलगीनं कुणी बोललं नाही. घरीसुद्धा नाही. उठताना साहेबानं नवशाच्या पाठीवर थाप मारली.

कॅफेत जल्लोष झाला. राहीनं पोराला उंच उडवलं. मी सगळ्यांना चहा सांगितला. धाऊनं मॉनिटरवरच्या निवातोरीकडे बराच वेळ पाहिलं आणि गावदेवाच्या दिशेनं हात जोडले. त्या संध्याकाळी वीजसुद्धा गेली नाही. नवशानं शेवटचा पत्ता उलटला, त्यात तानाका-सान बसमधून उतरून घरी निघाले होते.

आज त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. त्या दुकानापुढून जाताना मला अजून गरम मॉनिटरवरच्या पिसांचा वास येतो.

जपानला जाणाऱ्यांची यादी त्या शुक्रवारनंतर आठवड्यानं लागली. नवशाचं नाव नव्हतं. वयाची अट पंचविसाची होती, आणि शाळेतल्या एक जूनप्रमाणे तो सव्विसाचा भरत होता. कोंबडा म्हातारा होऊन मेला.