दाजीबुवांची एकुलती तबकडी

गाणारा गातो, लोक वाहवा करतात, चपला शोधतात आणि घरी जातात. गाणं तिथंच संपतं. मागं उरतात ते किस्से. इतकी वर्षं तबला बडवून माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल, तर दोन दुखरे गुडघे आणि ही किश्श्यांची अडगळ. एक काढायला जावं तर त्याच्यात पाय अडकलेला दुसरा बाहेर येतो. विचारलंत म्हणून सांगतो, पण मधे फार हसवू नका. हसलं की मला दम लागतो आणि पुढचं विसरायला होतं.

हे सगळे किस्से आम्हा तिघांचे. दाजीबुवा गवई, मोहिद्दीनभाई सारंगीवाले आणि तबल्यावर मी, गणपा. तेव्हा कोल्हापुरात महाराज गादीवर होते. पैलवानाला खुराक आणि गवयाला मान असे ते दिवस. पैलवानाला मानही जास्तच होता, ते असो!

तर दाजीबुवा. तरणेपणी गडी काळी दोनमध्ये गायचा, म्हणजे पेटीवरची ती पट्टी पुरुषाला चांगलीच उंच. पन्नाशी ओलांडली आणि आवाज थकायला लागला. एक दिवस बुवा म्हणाले, "आज पांढरी दोन लावा, हवा दमट हाय." वर्षभरानं म्हणाले, "काळी एक लावा, तंबोऱ्याचा भोपळा जुना झालाय."

पुढच्या वर्षी पांढरी एक आली, म्हणजे दर खेपेला पट्टी एकेक पायरी खाली. तेव्हा मोहिद्दीनभाई तंबोरा जुळवता जुळवता म्हणाले, "बुवा, आता कुणाला धरायचं? हवेला धरून झालं, भोपळ्याला बी धरून झालं."

बुवा म्हणाले, "गणपाला धरा!"

*

थट्टा वेगळी, पण पट्टी खाली आणूनही भागत नव्हतं. गाताना दोन-तीन मिनिटं झाली की बुवांचा सूर आपोआप घसरायचा. केसभर घसरायचा, पण गाण्यात केसभर म्हणजे पुष्कळ झालं. आणि गंमत अशी, की खुद्द बुवांना ते कळायचं नाही. कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं की मग कळायचं, आणि त्या दिवशी माणूस जेवायचा नाही. गावात उभी हयात ताठ मानेनं गायलेला माणूस तो. उतरलो, हे चारचौघांत दिसणं त्यांना मरणाहून जड होतं.

मग मोहिद्दीनभाईंनी एक युक्ती काढली. बुवा घसरले की सारंगीही तेवढीच घसरवायची. तारेवरची बोटं अलगद मागं घ्यायची, गवई आणि सारंगी बरोबरीनं खाली. दोघं एकत्र चुकले की चूक दिसत नाही! तीस वर्षांची सोबत असल्याशिवाय हे जमत नाही. बुवांनी श्वास घेतला की भाईंना कळायचं, आता कुठं जाणार ते.

यात राहिलो मी. तबल्याला बोटं मागं घेता येत नाहीत. तो एकदा ठोकून जुळवला की जुळवला.

गारगोटीला एका लग्नात दुपारचं गाणं होतं. बुवा घसरले, भाई मागोमाग गेले आणि माझा तबला एकटाच मूळ सुरात टणटणत राहिला. बुवांनी भर बैठकीत मान वळवली. "गणपा, तबला चढलाय की तुजा!"

सगळी बैठक माझ्याकडं बघायला लागली. नवरदेवाचा मामा तर उठून उभा राहिला. "पावणं, येताना तबला जुळवून आणत न्हाय व्हय?"

आख्ख्या मांडवात बरोबर वाजत होतो तो मी एकटा, आणि माफी मागितली तीही मीच! येताना बैलगाडीत मी भाईंवर भडकलो. त्यांनी शांतपणे पान लावलं आणि म्हणाले, "तिघातली दोघं खाली गेली की तिसऱ्यानं बी जावं, गणपा. एकट्यानं बरोबर ऱ्हाऊन काय मिळतंय?"

*

गळ्यावर उपायही झाले. कोल्हापुरात आजार कुठलाही असो, सल्ला तालमीतूनच येतो. आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद बुवांना म्हणाले, "आवाज आवाज काय लावलंय? छातीत दम न्हाय, म्हणून आवाज पडतोय. रोज सकाळी पन्नास जोर काढा."

बुवांनी खरोखर काढले! पन्नास नाही, पण बारा-पंधरा काढले. तिसऱ्या दिवशी तंबोरा धरायला हात वर जाईना. चौथ्या दिवशी जेवताना घास तोंडापर्यंत नेववेना.

आम्ही वस्तादांकडं तक्रार घेऊन गेलो. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात दुखत्यात म्हणता, गळा दुखतोय का?"

"न्हाय."

"मग झाला की बरा!"

*

अशात स्टेशनाजवळच्या एका बंगल्यात तबकडीवाला साहेब येऊन उतरला. गाणं मेणात कोरून घेतो, मग त्याच्या काळ्या तबकड्या निघतात आणि कुणीही मशीनवर लावून ऐकू शकतो, अशी बातमी. बुवांना बोलावणं आलं. एक तबकडी, एकच गाणं.

दोन दिवस बुवा एकटेच तंबोरा घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बसवून म्हणाले, "मैफल झाली की लोक इसरत्यात. पर ही तबकडी ऱ्हाणार. तिच्यात मी उतरलेला निघालो, तर मेल्यावर बी उतरतच ऱ्हाईन."

मी तबल्याची वादी ओढत बसलो. त्या घटकेला मला बुवांची फार कीव आली, खोटं कशाला सांगू.

बंगल्यावर गेलो तर खोलीची दारंखिडक्या बंद, मेण मऊ राहावं म्हणून शेगडी पेटवलेली, आणि भिंतीतून एक भलाथोरला कर्णा बाहेर आलेला. दुभाषा म्हणाला, "कर्ण्यात तोंड घालून गायचं. टाइम तीन मिनिटं."

बुवा म्हणाले, "तीन मिन्टात आमचा खाकरून गळा बी साफ हुईत न्हाय!"

साहेबाचा एक माणूस बुवांच्या मागं उभा राहिला. आवाज खाली गेला की बुवांची मान धरून कर्ण्यात ढकलायची आणि वरचा सूर आला की मागं ओढायची, हे त्याचं काम. पहिल्यांदा नुसतं गाऊन बघताना त्यानं दोनदा ओढल्यावर बुवा थांबले. "माज्या गुरूनं मला काठीनं मारलंय, पर मानगुटीला कधी धरलं न्हाय. ह्याला सांगा, मी गवई हाय, बैल न्हाय."

दुभाष्यानं काय भाषांतर केलं देव जाणे. साहेबानं हसून मान डोलावली आणि तो माणूस आणखी जवळ येऊन उभा राहिला.

*

खरी अडचण पुढंच होती. तबला कर्ण्याच्या बरोबरीला यावा म्हणून मला टेबलावर चढवलं. गवयाच्या डोक्याइतका उंच बसून वाजवणारा कोल्हापुरातला पहिला तबलजी मीच असेन! तंबोरा खोलीबाहेर गेला. आणि सारंगीला साहेबानं लांबच्या भिंतीकडं बोट दाखवलं. कर्ण्याजवळ सारंगी आली की नुसती खरखर उमटते, असं त्याचं म्हणणं.

बुवांचा चेहरा उतरला. "मोहिद्दीन तकडं बसला तर मला ऐकू कसा येणार?"

दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, बसला तर तिथंच बसायचं. दुसरी जागा नाही."

भाईंनी एकवार भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "आनी उभा ऱ्हायलो तर?"

इथं एक सांगायला हवं. नाचणाऱ्या बाईमागं साथ करताना सारंगी कमरेला फडक्यानं बांधून उभ्यानं वाजवतात. बैठकीच्या गाण्यातले सारंगीवाले त्याला कमीपणा मानायचे. भाईंच्या बापानं तर मरताना बजावलं होतं की उपाशी राहा, पण कमरेला सारंगी बांधू नकोस. आम्हाला ते ठाऊक होतं. बुवांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

भाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, सारंगी कमरेला आवळली आणि बुवांच्या पाठीला खेटून उभे राहिले. सारंगी बुवांच्या पाठीआड, म्हणजे कर्ण्याला ऐकू जाऊ नये आणि बुवांना मात्र जावी. मानगूट धरणाऱ्याला जागाच उरेना, त्याला बाजूला व्हावं लागलं. सारंगीवर गज ओढला की भाईंचं कोपर बुवांच्या बरगडीत बसायचं. तसेच तीन मिनिटं गायले बुवा.

आणि काय गायले! पाठीशीच सारंगी सूर धरून बसली होती, तिनं केसभरही घसरू दिलं नाही. ह्या खेपेला भाई मागोमाग खाली गेलेच नाहीत. वरच रोवून उभे राहिले आणि बुवांना वर धरलं. टेबलावर बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेगडीचा धूर होता, पण नुसता धूर नव्हता.

गाणं संपल्यावर भाई रुमाल सोडत हळूच म्हणाले, "बाहेर कुटं बोलू नका. तबकडीत मानूस दिसत न्हाय, म्हणून उभा ऱ्हायलो."

*

तबकडी यायला पुष्कळ महिने लागणार होते. तोवर गावातल्या एका वकीलसाहेबांनी मशीन आणलं. दुसऱ्याच कुणा गवयाची प्लेट लावायचे आणि लोकांना बोलावून ऐकवायचे. शाहूवाडीकडचे एक पाटील दावा घेऊन आले होते, त्यांनाही बसवलं. पाटलांनी प्लेट ऐकली, वाहवा केली, पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकून जरा नाराज झाले.

वकीलसाहेब म्हणाले, "काय पाटील, आवडलं न्हाय?"

"गवई बरा हाय. पर पहिल्यांदा जिथं जी तान घेतली, तिसऱ्यांदा बी तिथं तीच घेतोय. ह्यानं एवढंच पाठ केलंय व्हय?"

आम्ही हसलो. बुवा मात्र हसले नाहीत. घरी येताना मला म्हणाले, "पाटील खुळा न्हाय, गणपा. चुकलेलं बी जिथल्या तिथंच ऱ्हातंय त्यात."

त्यानंतर बुवांनी बैठका घेणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तबकडी येतीया, तीच ऐका." गळा संपला होता, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. मी दुसरीकडं वाजवायला लागलो. भाईंना बोलावणी आली, पण ते कुणाच्या साथीला गेले नाहीत. रोज दुपारी बुवांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. दोघं गप्पच असायचे. मी विचारलं, काय करता हो दोघं? भाई म्हणाले, "दमलोय रं. दमल्यालं मानूस बसतंय."

*

शेवटी तबकडी आली. वकीलसाहेबांनी दुपारी चार माणसं बोलावली. बुवा नवा फेटा बांधून आले. भाईंनी सारंगी आणली होती, मागाहून थोडं वाजवा म्हणून वकीलसाहेबांनी निरोप दिला होता. मशीनला चावी द्यायचं काम माझ्याकडं. वकीलसाहेबांनी बजावलं होतं, चावी पुरी द्या, नाहीतर मशीन मधेच मंदावतं. पण माझं अर्धं लक्ष तबकडीकडं! माझा तबला ऐकू येतो का, एवढीच घाई झाली होती. किती फिरवली आणि किती नाही, मलाच कळलं नाही.

पिन टेकली. आधी खरखर, आणि मग दाजीबुवा! तोच भरलेला, ताठ आवाज. माझा तबला टिनाच्या डब्यासारखा वाजत होता. सारंगी मात्र नावालाही नव्हती, कान देऊन ऐकली तरी नव्हती. पण सूर कसा समईच्या ज्योतीसारखा स्थिर. बुवा मांडीवर हळूहळू ताल धरू लागले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना सैल बसलेलं बघत होतो.

दोन मिनिटं झाली असतील. आणि तबकडीतला सूर घसरायला लागला.

आधी केसभर, मग बोटभर. बुवांचा हात मांडीवर थांबला. त्यांनी कुणाकडंच बघितलं नाही, खाली सतरंजीकडं बघत राहिले. माझ्या हातात चावी होती, आणि मी बुवांच्या हाताकडं बघत बसलो.

तेवढ्यात बाजूनं सारंगी सुरू झाली. भाईंनी ती कधी उचलली ते मी पाहिलं नाही. तबकडीतले बुवा जसजसे खाली आले, तसतशी भाईंची बोटं मागं येत गेली. आवाज जडावला, घोगरा झाला, तिथंही सारंगी गेली. शेवटी मशीन हुंकार दिल्यासारखं करून थांबलं. सारंगीही तिथंच थांबली.

सतरंजीवरची नजर न काढता बुवांनी विचारलं, "मोहिद्दीन, उतरलो न्हवं मी?"

मी घाईनं तोंड उघडलं, "बुवा, ती चावीच कमी..."

हवा, भोपळा, गणपा आणि आता चावी, बुवांना ती सबबच वाटली असती. भाईंनी मला पुढं बोलू दिलं नाही. गज पुसत म्हणाले, "तुमी न्हाय, बुवा. त्या दिवशी माजीच सारंगी उतरली हुती."